दुरुस्तीच्या टेबलावरचा धंदा: पुण्याचा अँटिव्हायरस आणि भातकुलीची वाट

अमरावती जिल्ह्यातील भातकुली हे तालुक्याचे ठिकाण अमरावती शहराच्या पश्चिमेस पंधरा-वीस किलोमीटरवर वसलेले आहे. हा प्रदेश पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो, म्हणजे जमीन काळी आणि कसदार असली तरी भूजल खारट असल्यामुळे विहीर खोदूनही ओलिताचा भरवसा देता येत नाही. प्राचीन भोजकट नगर ते हेच, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. आदिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरामुळे यात्रेकरूंना हे गाव ठाऊक आहे. आणि येथील आजची उलाढाल कापूस, तूर, हरभरा व सोयाबीन या पिकांवर चालते. अशा गावाला समोर ठेवून संगणकाच्या सुरक्षिततेचा इतिहास पाहणे वरकरणी विचित्र वाटेल, कारण या विषयावरचे लेखन बहुधा महानगरांतील कंपन्या, त्यांचे भांडवल आणि त्यांचे संस्थापक यांच्याभोवतीच फिरते. परंतु अँटिव्हायरस ही वस्तू महाराष्ट्रात कशी तयार झाली, कोणी विकली आणि कोणी विकत घेतली याचा माग काढू गेल्यास तो माग पुण्यातील एका दुरुस्तीच्या दुकानापासून निघून तालुक्याच्या गावातील दुरुस्तीच्या टेबलापाशी येऊन पोहोचतो. हा धंदा दुरुस्तीतून जन्मला, दुरुस्ती करणाऱ्याच्या हातूनच पसरला आणि दुरुस्तीचे ते नाते सैल पडू लागले तेव्हा त्याची सारी घडी बदलली, असे येथे दाखवावयाचे आहे.

ज्या प्रोग्रॅमला स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा डिस्कच्या एखाद्या मोक्याच्या भागात चिकटवता येते आणि जी प्रत वापरणाऱ्याच्या नकळत पुढे पसरत राहते, त्याला संगणकीय व्हायरस म्हणतात. नेटवर्कवरून स्वतंत्रपणे सरकणारा वर्म, उपयुक्त सॉफ्टवेअरच्या मिषाने शिरकाव करणारा ट्रोजन आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर हे त्याचे भाऊबंद होत, आणि या सर्वांना मिळून मालवेअर हे व्यापक नाव रूढ झाले आहे. स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्राची गणिती कल्पना जॉन फॉन नॉयमन यांनी १९४९ मधील व्याख्यानांत मांडली होती. तथापि व्हायरस या नावाने त्याचा पद्धतशीर अभ्यास फ्रेड कोहेन यांनी १९८३ पासून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात केला. कोहेन यांचा एक निष्कर्ष या धंद्याच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरतो. समोर आलेला कोणताही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही, हे प्रत्येक वेळी अचूक सांगू शकेल असा दुसरा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही, असे त्यांनी तर्काने सिद्ध केले. याचा अर्थ असा की परिपूर्ण अँटिव्हायरस ही वस्तू तत्त्वतःच अशक्य आहे, आणि जी वस्तू कधी पुरी होत नाही ती दरवर्षी नव्याने विकता येते. पुढे ज्या वार्षिक नूतनीकरणावर, म्हणजे दुकानदारांच्या भाषेतल्या ‘रिन्युअल’वर, हा सारा व्यवहार उभा राहिला त्याचे मूळ अशा रीतीने एका गणिती सिद्धान्तात आहे, जरी ते विकणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या सिद्धान्ताशी काही देणेघेणे नव्हते.

वैयक्तिक संगणकावरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याची गणना होते तो ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरमधील दोघा भावांनी लिहिला, आणि त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घातला होता. तो फ्लॉपीच्या ‘बूट सेक्टर’मध्ये बसत असे. डिस्कचा अगदी आरंभीचा जो छोटा भाग यंत्र चालू होताच सर्वप्रथम वाचला जातो तो बूट सेक्टर होय. तेथे शिरकाव झाला की यंत्राची मूळ प्रणाली जागी होण्याआधीच व्हायरस जागा होतो. भारतातील संगणकांवर त्या काळी हार्ड डिस्क ही चैनीची बाब होती, बरेच काम फ्लॉपीवर चाले, आणि सॉफ्टवेअर विकत घेण्यापेक्षा ओळखीच्याकडून उतरवून आणण्याचा रिवाज अधिक होता. त्यामुळे फ्लॉपी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत असे आणि तिच्यासोबत बूट सेक्टरमधला पाहुणाही फिरत असे.

जून १९९० मध्ये भारतात आढळलेला ‘जोशी’ हा व्हायरस याच जातीचा होता, आणि त्याचे वर्णन थोडे विस्ताराने करण्याजोगे आहे. दरवर्षी ५ जानेवारीला तो यंत्र गोठवून टाकी आणि पडद्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित करण्याचा हुकूम देई. ‘हॅपी बर्थडे जोशी’ ही अक्षरे टंकित केल्यावाचून काम पुढे सरकत नसे. हा भाग गमतीचा झाला; त्याची रचना मात्र गमतीची नव्हती. फ्लॉपीच्या बूट सेक्टरप्रमाणेच हार्ड डिस्कच्या विभाजनाची माहिती ठेवणाऱ्या पहिल्या भागातही तो बसत असे, आणि कंट्रोल, आल्ट व डिलीट ही तीन बटणे एकत्र दाबून यंत्र पुन्हा सुरू करण्याचा जो सर्वपरिचित उपाय होता त्यालाही तो पुरून उरत असे, कारण यंत्र बंद पडून पुन्हा चालू झाल्याचा आभास निर्माण करून तो स्मृतीत तसाच टिकून राही. त्याला काढावयाचे तर यंत्राचा वीजपुरवठा तोडून, लिहिण्यास बंदी केलेल्या एका स्वच्छ फ्लॉपीने यंत्र सुरू करावे लागे आणि मग बाधित भाग हाताने पूर्ववत करावा लागे. सामान्य वापरकर्त्याला हे जमण्यासारखे नव्हते. हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडेच जाणार होते, आणि तसे ते गेले.

या टप्प्यावर पुण्याच्या मंगळवार पेठेतील एक दुकान या इतिहासात येते. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे मूळ असलेले कैलास काटकर यांनी दहावीनंतर औपचारिक शिक्षण सोडले आणि १९८५ च्या सुमारास दरमहा ४०० रुपये पगारावर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. बँका आणि कार्यालये हिशेबासाठी तेव्हा विजेवर चालणारी मोठी गणनयंत्रे वापरत, त्यांची दुरुस्ती करताना कार्यालयांत हळूहळू येऊ लागलेले संगणक त्यांच्या दृष्टीस पडले, आणि स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढल्यानंतर काही वर्षांतच त्यांनी कॅल्क्युलेटरकडून संगणकाकडे मोहरा वळवला. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने त्यांचे काम सुरू झाले. धाकटे बंधू संजय काटकर हे मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते आणि दुकानात येणाऱ्या यंत्रांवर हात साफ करत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळ यंत्रांत भाग खराब झालेलाच नसे. ‘मायकेलँजेलो’सारख्या व्हायरसांनी ती निकामी केलेली असत. मायकेलँजेलो ६ मार्चला जागा होऊन हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग खरडून टाकी. तेच तेच हातकाम वारंवार करावे लागू नये म्हणून संजय काटकर यांनी एकेका व्हायरसासाठी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले, ते एकत्र बांधले, आणि १९९४-९५ मध्ये डॉस या तत्कालीन प्रणालीसाठी ‘क्विक हील’ बाजारात आले.

उपचार प्रथम आणि प्रतिबंध नंतर, हा क्रम या नावात आणि वस्तूतही दिसतो, आणि त्या क्रमाला कारण आहे. १९८७ पासून अमेरिकेत जॉन मॅकॅफी यांनी आणि १९९१ पासून सिमँटेकने नॉर्टनच्या नावाने अँटिव्हायरस विकावयास घेतला होता. त्यांची वस्तू प्रामुख्याने बाधा होऊ न देण्याचे आश्वासन देत असे, आणि बाधित फाइल आढळली की ती पुसून टाकण्याचा सल्ला अनेकदा देत असे. पुण्याच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकाची गरज वेगळी होती. त्याचे यंत्र आधीच बाधित असे, त्यातल्या हिशेबाची दुसरी प्रत नसे, आणि फाइल पुसली गेली तर त्याचा धंदाच बसत असे. म्हणून बाधित फाइल सांभाळून तिच्यातून व्हायरस वेगळा काढणे हेच त्याच्या दृष्टीने अँटिव्हायरसचे खरे काम होते. दुरुस्तीच्या दुकानाला ही गोष्ट सांगावी लागत नव्हती.

अँटिव्हायरसच्या अंतर्गत रचनेचे दोन भाग त्या काळात ठरून गेले आणि ते बऱ्याच अंशी आजही टिकून आहेत. पहिला भाग ‘इंजिन’ म्हणून ओळखला जातो. तो डिस्कवरची प्रत्येक फाइल उघडून तपासतो. दुसरा भाग म्हणजे ओळखखुणांचा साठा. ओळखखूण, म्हणजे ‘सिग्नेचर’, ही एखाद्या ज्ञात व्हायरसातील अशी अक्षरमालिका असते की जी अन्य कोणत्याही निरुपद्रवी प्रोग्रॅममध्ये आढळण्याचा संभव नसतो. इंजिन एकदाच घ्यावे लागते. ओळखखुणा मात्र सतत नव्या लागतात, आणि त्या तयार करावयाच्या तर नव्या व्हायरसाचा नमुना हाती यावा लागतो. परदेशी कंपन्यांकडे जगभरचे नमुने येत असले तरी भारतातल्याच फ्लॉप्यांवर फिरणारे नमुने त्यांच्याकडे उशिरा पोहोचत, उलट पुण्यातल्या दुकानात ग्राहकच नमुना घेऊन येत असे. मुंबईतील मायक्रोवर्ल्डचे ‘ई-स्कॅन’, चेन्नईतील ‘के-सेव्हन’ आणि पुण्यातलेच ‘नेट प्रोटेक्टर’ ही नावे याच काळात आणि याच जोरावर उभी राहिली. त्यांच्यातील तांत्रिक सरसनिरसता हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढे पुरे की भारतीय बाजारात देशी अँटिव्हायरस टिकला यामागे स्वदेशीच्या भावनेपेक्षा ग्राहकाच्या जवळ असण्याचा लाभ अधिक होता.

२६ एप्रिल १९९९ हा दिवस दुरुस्ती करणाऱ्यांच्या स्मरणात विशेष राहिला. तैवानमधील एका विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’, जो चेर्नोबिल दुर्घटनेच्या तारखेमुळे चेर्नोबिल व्हायरस म्हणूनही ओळखला गेला, त्या दिवशी जागा झाला आणि त्याने हार्ड डिस्कवरील माहितीवर तर आघात केलाच, शिवाय अनेक यंत्रांतील ‘बायोस’ खरडून टाकले. यंत्राला वीज मिळताच त्याचे सुटे भाग ओळखून त्यांना कामाला लावणाऱ्या, मदरबोर्डवरील एका चकतीत कायमच्या ठेवलेल्या प्रोग्रॅमला बायोस म्हणतात. तो नष्ट झाला की पडदा काळाच राहतो. सॉफ्टवेअरने यंत्राचा भाग निकामी केल्याचा इतका ठळक अनुभव तोवर कोणाला आला नव्हता. चकती बदलणे किंवा नव्याने लिहून घेणे हे काम पुन्हा दुरुस्तीच्या टेबलावरच आले, आणि चोरीच्या सीडीतून पसरलेल्या या व्हायरसाने अँटिव्हायरसच्या विक्रीला कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक बळ दिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

वऱ्हाडात संगणकाचा प्रवेश दोन वाटांनी झाला. पहिली वाट शिक्षणाची होती. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासूनचे, तर बडनेऱ्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि अमरावती विद्यापीठ ही दोन्ही १९८३ ची. यांतून तयार झालेले तरुण पुण्या-मुंबईला गेले तसेच काही अमरावतीतच राहून संगणक जोडून देण्याच्या, विकण्याच्या व दुरुस्तीच्या धंद्यात उतरले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने त्या धंद्याला तालुक्यापर्यंत नेले, कारण शासकीय नोकरीसाठी संगणकाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यावर तालुक्याच्या गावी दहा-पंधरा यंत्रे मांडलेले प्रशिक्षण केंद्र चालू शकते असे दिसून आले. दुसरी वाट शासकीय कागदाची होती. सातबाऱ्याचे संगणकीकरण, सेतू केंद्रांतून मिळणारे दाखले, २०११ पासून ग्रामपंचायतींत बसवलेली ‘संग्राम’ केंद्रे आणि त्यांच्या जागी आलेली ‘आपले सरकार’ सेवा केंद्रे या क्रमाने संगणक भातकुलीसारख्या गावात घरोघर जाण्याआधी काउंटरवर जाऊन बसला. शेतकऱ्याचा संगणकाशी संबंध आला तो असा, दुसऱ्याच्या यंत्रासमोर उभे राहून.

या भूगोलाचा अँटिव्हायरसच्या विक्रीवर सरळ परिणाम झाला. पुण्यातील कंपन्यांनी विक्रीची जी साखळी उभारली तिच्यात जिल्ह्याच्या ठिकाणी वितरक आणि त्याच्याखाली लहान दुकानदार असत, आणि हा लहान दुकानदार म्हणजे बहुधा यंत्र दुरुस्त करणाराच असे. क्विक हीलने पुण्याबाहेरची आपली पहिली शाखा मुंबई किंवा दिल्लीऐवजी नाशिकला काढली होती, यावरून बाजार कोठे आहे याचा त्यांचा अंदाज कळून येतो. ग्राहकाच्या हाती येणारी वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचा डबा, त्यात सीडी आणि ‘की’ छापलेले कार्ड. की हा अक्षरे आणि अंकांचा असा क्रम असतो की जो एका यंत्रावर ठरावीक मुदतीपुरता चालतो. मुदत संपली की ओळखखुणांचा पुरवठा थांबतो. दुकानातली भाषा मात्र या तपशिलांपेक्षा साधी होती. यंत्र ‘हँग’ होत असे, त्याला ‘फॉरमॅट मारावा’ लागे, मग नव्याने ‘विंडोज टाकून’ सर्वांत शेवटी ‘अँटिव्हायरस टाकला’ जाई, आणि या तीन कामांचे मिळून एकच बिल होई. अँटिव्हायरस स्वतंत्रपणे मागून घेणारा ग्राहक विरळा होता. तो दुरुस्तीच्या बिलातली एक ओळ होता, आणि दुकानदारावर विश्वास असे म्हणून ती ओळ मान्य होई. कीटकनाशकाची फवारणी दर हंगामात नव्याने करावीच लागते हे ज्या मुलखात सर्वांना पाठ होते, तेथे वर्षाला एकदा रिन्युअल करण्याची कल्पना समजावून सांगण्यास फार श्रम पडले नसावेत.

२००५ नंतरची सुमारे दहा वर्षे ही तालुक्याच्या गावांतील अँटिव्हायरसच्या धंद्याची भरभराटीची वर्षे होती, आणि त्याला कारण पेन ड्राइव्ह होता. फ्लॉपीचे आयुष्य संपले तशी बूट सेक्टरच्या व्हायरसांची सद्दी संपली, परंतु विंडोजमध्ये ‘ऑटोरन’ नावाची एक सोय होती: यंत्राला जोडलेल्या साधनावर ठरावीक नावाची फाइल आढळल्यास ती न विचारता चालवण्याची. सीडी लावताच प्रोग्रॅम सुरू व्हावा या सद्हेतूने केलेली ही सोय पेन ड्राइव्हवरील व्हायरसांनी आपलीशी केली. ‘न्यू फोल्डर’ या नावाची आणि फोल्डरचेच चित्र धारण केलेली एखादी फाइल पेन ड्राइव्हवर दिसे, वापरणारा ती फोल्डर समजून उघडी आणि प्रत्यक्षात प्रोग्रॅम चालवी. दुसऱ्या एका प्रकारात खऱ्या फायली लपवल्या जात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे ‘शॉर्टकट’ दिसत, त्यामुळे माहिती पुसली गेली असे वाटून माणूस घाबरून दुकानात धावे. ती नुसती लपलेली आहे हे ज्याला ठाऊक होते त्याची मिळकत पाच मिनिटांत होत असे. लग्नपत्रिका जुळवणारे डीटीपीचे दुकान, फोटो स्टुडिओ, झेरॉक्सचे दुकान, शाळेचे कार्यालय आणि सेवा केंद्र यांच्यात दिवसभर पेन ड्राइव्ह फिरत असल्यामुळे एका दुकानातली बाधा संध्याकाळपर्यंत सबंध बाजारात पोहोचण्यास काही अडचण नव्हती. २००८ च्या अखेरीस आलेला ‘कॉनफिकर’ हा वर्म नेटवर्क आणि पेन ड्राइव्ह या दोन्ही मार्गांनी पसरला. मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधील पेन ड्राइव्हसाठीचा ऑटोरन सर्वांसाठी बंद करणारे अद्ययावतीकरण दिले ते फेब्रुवारी २०११ मध्ये, आणि चोरीच्या विंडोजवर अद्ययावतीकरण मुद्दाम बंद ठेवण्याचा प्रघात असल्याने ते अनेक यंत्रांवर गेलेच नाही.

येथे एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. अँटिव्हायरस दररोज ताजा राहावा ही अपेक्षा सतत चालू असलेल्या इंटरनेटच्या गृहीतकावर उभी होती, तर ग्रामीण विदर्भात त्या काळी भारनियमन तासन्‌तास चाले आणि दूरध्वनीच्या तारेवरून येणारे इंटरनेट मोठी फाइल उतरवण्यास अपुरे पडे. म्हणून कंपन्यांनी ओळखखुणांचा संपूर्ण साठा एकाच फाइलमध्ये बांधून ती वेगळी उतरवून घेण्याची सोय ठेवली होती. चांगले इंटरनेट असलेल्या शहरातून ती फाइल उतरवून घ्यावयाची आणि गावातल्या यंत्रांवर चढवावयाची, अशी ही पद्धत होती. आणि ती फाइल ज्यातून गावात येई ते साधन म्हणजे तोच पेन ड्राइव्ह. रोग आणि औषध एकाच वाहनातून फिरत होते, आणि दोहोंचा चालक दुरुस्ती करणाराच होता.

सेवा केंद्रांच्या बाबतीत यंत्र बंद पडण्याची किंमत किती होती, हे जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेच्या वेळी दिसून आले. कर्जमाफीसाठी शेतकरी दांपत्याला आधार क्रमांकासह ऑनलाइन अर्ज भरणे आवश्यक होते, त्याला मुदत होती, आणि कापसाच्या ऐन हंगामात केंद्रांसमोर रांगा लागत होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जाऐवजी याद्या लागल्या, पण अंगठा लावून आधार प्रमाणित करण्यासाठी पुन्हा केंद्रावरच जावे लागले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, म्हणजे तलाठ्याच्या स्वाक्षरीची जागा त्याच्या लॅपटॉपला जोडलेल्या एका लहानशा डोंगलने घेतली. अशा यंत्रावर व्हायरस असणे याचा अर्थ आता पत्रिका बिघडण्यापुरता मर्यादित राहिला नव्हता.

या काळात पुण्यातील कंपनीचे रूप पालटले होते. २००७ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले, २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने तीत ६० कोटी रुपये गुंतवले, मोठ्या संस्थांसाठी ‘सेक्राइट’ ही वेगळी शाखा आली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपये दराने सुमारे ४५१ कोटींचे समभाग विकून कंपनी शेअर बाजारात दाखल झाली. पहिल्याच दिवशी भाव विक्रीच्या दराखाली गेला. बाजाराच्या या साशंकतेमागे एक उघड कारण होते, आणि ते अमेरिकेतून आले होते.

मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये अँटिव्हायरस विनामूल्य देण्यास आरंभ केला, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तो प्रणालीच्याच अंगात घातला, आणि २०१५ च्या विंडोज १० नंतर नवे यंत्र सुरू होताच ‘डिफेंडर’ पहारा देऊ लागला. आरंभी त्याची परीक्षकांकडून हेटाळणी झाली, पण काही वर्षांत तो पुष्कळ सुधारला. घरगुती ग्राहकाला डबा विकत घेण्याची निकड उरली नाही. त्याच सुमारास विंडोज टाकण्याचे कामही सोपे झाले, यंत्रे कमी बिघडू लागली, आणि गावातला नवा संगणक म्हणजे मोबाइल ठरला. ज्या बिलात अँटिव्हायरसची ओळख झाली होती ते बिलच फाटू लागले.

धोका अर्थातच संपला नव्हता; त्याने केवळ मोठी सावजे शोधली. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने विंडोजमधील ज्या उणिवेचा उपयोग केला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. त्यानंतर दीड महिन्याने, २७ जूनला आलेल्या ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडवली आणि तिच्याशी जोडलेले न्हावा-शेवा बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत मालवेअरच्या साहाय्याने एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणाच बाजूला सारून खोटी मंजुरी देण्यात आली, काही तासांत २८ देशांतून पैसे काढले गेले, आणि १३ ऑगस्टच्या परदेशी हस्तांतरासह एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. अशा हल्ल्यापुढे ओळखखुणांचा साठा तोकडा पडतो, कारण मालवेअर त्या एकाच सावजासाठी घडवलेले असते आणि त्याचा नमुना कोणाकडेच नसतो. म्हणून फाइल कशी दिसते यापेक्षा ती काय करते याकडे लक्ष ठेवणारी, संस्थेतील सर्व यंत्रांच्या हालचाली एका ठिकाणी गोळा करणारी साधने विकली जाऊ लागली, आणि त्यांचा ग्राहक बँक, रुग्णालय, महापालिका असा होता. तालुक्यातल्या दुकानदाराला या विक्रीत स्थान नव्हते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ ने संगणकीय व्हायरसाची व्याख्या केली आणि तो दुसऱ्याच्या यंत्रात सोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी टाकली. २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय संस्था अशा घटनांचा पाठपुरावा करते. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तिने सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रातून बाधित यंत्र साफ करण्याचे जे विनामूल्य साधन दिले गेले ते क्विक हीलने पुरवले होते. जे साधन एकेकाळी मंगळवार पेठेतील टेबलावर पैसे मोजून मिळे, ते आता शासनाच्या संकेतस्थळावरून फुकट मिळू लागले, एवढी नोंद येथे पुरेशी आहे.

आजच्या भातकुली परिसरातील शेतकऱ्यापुढचा धोका याहून निराळ्या जातीचा आहे. पीएम किसानच्या हप्त्याचे, बँकेच्या केवायसीचे किंवा वाहनाच्या चलनाचे नाव सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एपीके’ फाइल पाठवली जाते. अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवण्याची ही फाइल अधिकृत दुकानाबाहेरून आलेली असते. ती बसवताना संदेश वाचण्याची परवानगी मागितली जाते, घाईत ती दिली जाते, आणि मग बँकेकडून येणारा ओटीपी परस्पर दुसरीकडे पोहोचतो. बूट सेक्टरमधला व्हायरस वापरणाऱ्याच्या नकळत शिरत असे. येथे वापरणाराच त्याला दार उघडून देतो, आणि अँटिव्हायरसने दिलेली सूचना तो स्वतःच्या बोटाने बाजूला सारतो. क्विक हीलनेही २०२४ मध्ये फसवणूक ओळखण्यासाठी वेगळे उत्पादन आणले, यावरून धंद्याचा रोख यंत्राकडून माणसाकडे वळल्याचे दिसते. मात्र दुरुस्तीच्या दुकानाचे बळ ज्यात होते ती गोष्ट या नव्या व्यवहारात नाही: यंत्र बिघडले तर ते टेबलावर ठेवून पूर्ववत करता येत असे, खात्यातून गेलेली रक्कम तशी परत आणता येत नाही. ती वाचवण्याची शक्यता असते ती पहिल्या काही तासांत, पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवले जाण्याआधी. आणि त्यासाठी फोन लावावा लागतो तो १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर, फिर्याद जाते ती सायबर पोलिसांकडे. गावातल्या दुकानदाराकडे लोक अजूनही प्रथम धाव घेतात, आणि आता तो त्यांना हा क्रमांक लावून देतो, ज्याचे बिल होत नाही.